साडूभाऊंनी मोजलेली बोटं

माणसाचं निम्मं सुख आणि निम्मं दुःख गोलाईवर अवलंबून असतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. गोलाई म्हणजे पृथ्वीची नव्हे, जिलबीचीही नव्हे. इलेक्ट्रिक गिटारच्या मानेची. डाव्या हाताची बोटं जिच्यावर नाचतात ती गिटारची लांब मान तुम्हाआम्हाला पोळपाटासारखी सपाट दिसते. ती तशी नसते. आडव्या अंगानं ती किंचित फुगीर असते, आणि किती फुगीर ते इंचात सांगायची पद्धत आहे. त्या इंचांना म्हणायचं रेडियस. शेतातला पाण्याचा पाइप डोळ्यांपुढे आणा आणि त्याची एक उभी चिरफळी काढलीय असं समजा. पाइप बारका असेल तर चिरफळीची पाठ गोल, मोठा असेल तर सपाट. तसंच इथंही. सात इंची मान चांगलीच गोल, साडेनऊची मध्यम, बाराची त्याहून चापट आणि सोळाची जवळजवळ पाटच. मी नांदेडला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. मला या माहितीची काडीइतकी गरज नव्हती. पण साडूभाऊंना न विचारता माहिती द्यायची सवय आहे आणि मला मान डोलवायची.

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडूभाऊ म्हणजे तिचे यजमान. उभी हयात त्यांनी मुदखेडला रेल्वेच्या रुळांवर काढली. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. रुळाचं वळण बरोबर आहे की नाही हे तपासायला ते लोक रुळाला दोरी ताणून धरतात आणि दोरीच्या मधोमध रूळ किती लांब राहिला ते मोजतात. त्या अंतराला वर्साइन म्हणतात. अंतर जास्त तर वळण जास्त, अंतर शून्य तर रूळ सरळ. एवढी एक गोष्ट साडूभाऊ नोकरीत शिकले आणि मग त्यांनी तिच्यावरच सगळा संसार तोलला. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, दोऱ्याचं रीळ असतं. कलिंगड घेताना लोक टिचक्या मारतात, हे पट्टी लावतात. नांदेडहून लातूरला बसनं निघालो की प्रत्येक वळणावर हे माझ्या मांडीवर थाप मारून म्हणतात, "बगा गुरुजी, हे वळन यकदम आलं का न्हाई? आदी सरळ, मग जरासं, मग पुरं, आसं यायला पायजे. रुळावर आसं केलं आस्तं तर डबे शेतात गेले आस्ते." ड्रायव्हरला हे ऐकू जाऊ नये म्हणून मी खोकत राहतो.

निवृत्तीनंतर साडूभाऊंनी घराच्या पुढच्या खोलीत गिटार दुरुस्तीचं काम सुरू केलं. मुदखेडसारख्या गावात इलेक्ट्रिक गिटारी अशा असून असून किती असणार, असं आम्हाला वाटलं होतं. पण लग्नातले ऑर्केस्ट्रावाले, कॉलेजची पोरं, हौशी नोकरदार असे कुठूनकुठून लोक यायला लागले, कारण या माणसाची रीत न्यारी होती. ते गिटार आधी बघतच नाहीत. आधी गिऱ्हाइकाचा डावा हात हातात घेतात, ज्योतिष्यासारखा उलटासुलटा करतात, बोटं एकेक करून वाकवून पाहतात आणि मग आकडा सांगतात. एकदा देगलूरकडचे एक बस कंडक्टर आले. त्यांनी फ्लॅट मानेची भारी गिटार घेतली होती आणि तिच्यावर धड एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ, लागत नव्हता. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायला जावं, तर मधल्या तारा मुक्या राहायच्या. साडूभाऊंनी त्यांचं बोट दाबलं आणि विचारलं, "नोकरी किती वर्सं?" "वीस." "वीस वर्सं दांडा धरून हुबे ऱ्हायलाव. बोट गोल झालं तुमचं. त्याला फळीवर झोपवायलाव कामून? त्याला गोल गादी पायजे." सात इंची मान बसवून दिल्यावर त्या कंडक्टरांचे डोळे असे चमकले, की जणू कुणी सुट्ट्या पैशांची थैलीच हातात ठेवली.

गोल मान कॉर्डला गोड, सपाट मान तार ओढायला चांगली, हा त्यांचा मूलमंत्र. इलेक्ट्रिक गिटारवर सूर चढवायला तार बोटानं आडवी ओढतात. मान फार गोल असली की ओढलेली तार मधल्या उंचवट्यावर चढते, पुढच्या पडद्याला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, टेकते आणि सूर तिथंच मरतो. हेच तत्त्व त्यांनी पुढे माणसांनाही लावलं. "आपल्या सासूबाई सात इंची बगा," ते मला एकदा गंभीरपणे म्हणाले, "जवळ बसायला लई गोड, पन जरा ताणलं की आवाजच बंद." आपले सासरे सोळाचे, कितीही ताणा, तक्रार नाही. माझा आकडा मी भीतभीत विचारला तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुमी साडेनऊ. ना इकडचे ना तिकडचे, पन सगळ्यांला चालताव." हे कौतुक होतं की नाही, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. लग्नकार्यात तर त्यांना सांभाळणं हेच एक कार्य होऊन बसतं. गेल्या वर्षी उदगीरला एका लग्नात आशीर्वाद द्यायला स्टेजवर गेले आणि नवरीचा हात हातात घेऊन फोटोवाला ताटकळेपर्यंत बोटंच पाहत राहिले. अक्कांनी मागून शर्ट ओढला तेव्हा म्हणाले, "आगं, बाराची हाय पोरगी! लीड वाजवंल!" नवरीच्या सासूला यातलं अक्षर कळलं नाही, पण 'बाराची' हा शब्द तिला काही आवडला नाही. जेवणाच्या पंगतीत आम्हाला वाढपी जरा उशिराच सापडले.

आता खरी गंमत सांगतो. गंमत म्हणायची की काय, ते तुम्ही ठरवा. दुसऱ्यांच्या गिटारी लावून देणारे साडूभाऊ स्वतः गिटार वाजवत नव्हते. तार जुळवायला टिचकी मारतील तेवढीच. पण तरुणपणी लातूरच्या एका ऑर्केस्ट्रात ते गिटार वाजवत होते आणि बरे वाजवत होते म्हणतात. चाकूरला अक्कांना बघायला आले ते गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा छोटा अँप घेऊनच. आमच्या सासरेबुवांना वाटलं, पाहुणे मुक्कामाला आले. पोहे झाले, मुलीला स्वयंपाक येतो का विचारून झालं, आणि मग मुलगा म्हणाला, "म्या येक चाल बांधलीया, वाजवू का?" नाही कोण म्हणणार? सगळी गल्ली खिडकीला लागली. चाल अर्ध्यावर आली, रंगात आली आणि लाइट गेली. इलेक्ट्रिक गिटार ती, लाइट गेल्यावर तिच्यात आणि फळीत फरक काय? तासभर वाट पाहिली, लाइट काही आली नाही. शेवटी पाहुणे उठले. उठताना मुलानं मुलीकडे पाहिलं आणि सगळ्यांसमक्ष सांगितलं, "ऱ्हायलेलं, लग्न झाल्यावर." त्या एका वाक्यावर हे लग्न जमलं, असं सासरेबुवा शेवटपर्यंत सांगायचे.

पण राहिलेलं राहूनच गेलं. लग्नानंतर नवी नोकरी, नवं बिऱ्हाड, आज वाजवू उद्या वाजवू करता करता चौथ्या महिन्यात रुळावर काम करताना सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, निसटली आणि साडूभाऊंच्या डाव्या हाताचं पहिलं बोट तिच्याखाली सापडलं. चूक त्यांचीच, घाई केली, असं तेच सांगतात. बोट वाचलं, पण कायमचं ताठ झालं. वाकत नाही, वळत नाही, कुणाला तरी रस्ता दाखवत असल्यासारखं सदा पुढे. बरं झाल्यावर त्यांनी गिटार घेतली होती एकदा. पण ताठ बोट गोल मानेवर आडवं टाकलं की मधल्या दोनच तारा दबायच्या, कडेच्या नुसत्या खरखरायच्या. त्यांनी गिटार विकून टाकली. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला अक्का जेवायला वाढता वाढता एकदाच विचारतात, "ऱ्हायलेलं कवा?" आणि साडूभाऊ ते बोट वर करून म्हणतात, "ह्येला इचार." मग दोघंही हसतात. पाहुण्यांना वाटतं जुना विनोद आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. एकदा हसून झाल्यावर अक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, तेव्हा मला कळलं.

आमची मुक्ता इंजिनिअरिंगला आहे आणि गिटार वाजवते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिचा आणि तिच्या तीन मैत्रिणींचा कार्यक्रम होता आणि तिच्या वाट्याला एक तुकडा आला होता ज्यात अगदी वरच्या पट्टीत, गिटारच्या पोटाजवळ, तार लांबवर ओढायची होती. तिची गिटार जुनी आणि मान गोल, सूर मरायचा. साडूभाऊंच्या कानावर हे गेलं आणि ते नांदेडला घरी येऊन बसले. "पोरी, तुला अशी मान करून देतो की तुज्या कॉलेजात कुनी पायली नसंल." त्यांनी मोबाईलवर एक इंग्रजी व्हिडिओ पाहिला होता. काही भारी गिटारींची मान सगळीकडे सारखी गोल नसते. एका टोकाला जास्त गोल, दुसऱ्या टोकाकडे जाता जाता सपाट होत जाते. म्हणजे कॉर्डचीही सोय आणि तार ओढायचीही. कुठलं टोक गोल आणि कुठलं सपाट हे व्हिडिओवाला इंग्रजीत भराभर बोलून गेला, ते यांना कळलं नाही. पण कळायची गरज काय होती? वळणाबाबत साडूभाऊंना कुणी शिकवायचं म्हणजे गोदावरीला पोहायला शिकवायचं. मुक्ताची गिटार ते मुदखेडला घेऊन गेले, लिलावात घेतलेला रुळाखालच्या सागवानी स्लीपरचा एक तुकडा बाहेर काढला आणि दीड महिना तासत बसले. दर रविवारी फोन यायचा, "आज शेंड्याकडं पोचलो." पट्टी लावल्यावर एका कडेची फट दुसऱ्या कडेपेक्षा केसभर जास्त आली म्हणून दोनदा सगळं पुन्हा घासलं. अक्का म्हणायच्या, "माझ्या बाळंतपनात येवडे जागले न्हाईत."

कार्यक्रमाला चार दिवस राहिले तेव्हा आम्ही तिघं मुदखेडला गेलो. साडूभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मान सुंदरच झाली होती, मधासारखा रंग, हात लावावासा वाटावा अशी. मुक्तानं दोन सोपे कॉर्ड वाजवले आणि हसली. मग ती वर सरकली, पोटाजवळ गेली, तार ओढली आणि सूर टक्‌कन मेला. पुन्हा ओढली. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा तिनं ओढलीच नाही. "छान झालीय, काका," असं म्हणाली, पण ती माझी मुलगी आहे, तिला खोटं नीट बोलता येत नाही. साडूभाऊंनी गिटार घेतली, पट्टी लावली, पोटाकडे पाहिलं, खुंट्या असतात त्या डोक्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. रुळाला जसं वळण द्यावं तसंच त्यांनी मानेला दिलं होतं. आधी सरळ, मग जरासं, मग पुरं. डोक्याकडे सपाट आणि जिथं तार ओढायची तिथं गोल. जे हवं त्याच्या नेमकं उलटं. "दीड महिना," ते हळूच म्हणाले, "दीड महिना म्या उलटी गाडी हाकलली." अक्कांनी चहा आणला, तो तसाच निवला.

मुक्तानं कार्यक्रम मैत्रिणीच्या गिटारवर केला आणि चांगला केला. साडूभाऊ आले नाहीत. त्यांनी ती नव्या मानेची गिटार भिंतीवर टांगली, पुढच्या खोलीचं दार लावलं आणि आलेली दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. बसमध्ये वळणांवर बोलेनासे झाले. माझ्या मेहुण्याच्या घरी वास्तुशांतीला भेटले तेव्हा त्यांनी माझा हात नुसता हातात घेतला आणि सोडून दिला, बोटं दाबलीच नाहीत. इतकी वर्षं ज्या छळाला कंटाळलो होतो तो बंद झाला आणि मला करमेना. "दाजींचं काय खरं नाही," बायको म्हणाली, "अक्का म्हणते, दोरासुद्धा खिशात ठेवत नाहीत आता."

शेवटी एका रविवारी सकाळी मुक्ताच म्हणाली, चला मुदखेडला. पोचलो तेव्हा साडूभाऊ ओट्यावर पेपर वाचत होते, अक्का चुलीपुढे ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. मुक्तानं सरळ आत जाऊन पुढच्या खोलीचं दार उघडलं, भिंतीवरची गिटार काढली, अँप लावला आणि कॉर्ड वाजवत बसली. एक कॉर्ड तिला काही केल्या लागेना. बोट आडवं टाकलं की मधल्या तारा मुक्या. "काका," तिनं हाक मारली, "इथं डोक्याकडं ही इतकी सपाट आहे की माझं बोट बसत नाही. माझं बोट थोडं गोल आहे ना."

"मग न्हाईच बसायचं," साडूभाऊ बाहेरूनच म्हणाले. "त्याला यकदम सरळ बोट लागंल. आसं बोट कुनाचं आस्तं?"

आत खण उघडल्या-मिटल्याचे आवाज आले. मग मुक्ता बाहेर आली. तिच्या हातात दोऱ्याचं रीळ होतं, कुठल्या तरी खणातून शोधलेलं. ती साडूभाऊंच्या पायाशी बसली, त्यांचा डावा हात तिनं ओढून घेतला आणि ते ताठ बोट आपल्या गुडघ्यावर ठेवलं. बोटाच्या मुळापासून टोकापर्यंत तिनं दोरा ताणला आणि मधोमध पाहिलं. हजार माणसांची बोटं तपासणाऱ्या या माणसाचं बोट आजवर कुणी मोजलं नव्हतं. त्यानंही नाही. बोट गेलं म्हणून तो बसला होता, मान बदलून पाहायची बुद्धी जगाला देत होता आणि स्वतःला द्यायची तेवढी विसरला होता.

"काका," मुक्ता म्हणाली, "वर्साइन शून्य."

"काय बी बोलायलीस," साडूभाऊ म्हणाले, पण हात सोडवून घेतला नाही. मुक्तानं त्यांना उठवून आत नेलं आणि गिटार मांडीवर दिली. त्यांनी आधी ते ताठ बोट शर्टाला पुसलं. मग ते बोट त्यांनी डोक्याकडच्या सपाट भागावर आडवं ठेवलं, आणि उजव्या हातानं वरून खाली एकदाच तारा छेडल्या. सहाच्या सहा तारा वाजल्या. एकही मुकी राहिली नाही, एकही खरखरली नाही. चुलीपुढचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

अक्का दारात आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना पीठ होतं. साडूभाऊंनी वर पाहिलं नाही. त्यांनी अडखळत, चाचपडत, मध्येच चुकून, पुन्हा मागं जाऊन एक चाल वाजवायला सुरुवात केली. साधीच होती. लातूरच्या ऑर्केस्ट्रातल्या विशीतल्या पोरानं बांधावी तशी, थोडी भाबडी, थोडी ऐटबाज. हळूहळू बोटांना वाट सापडत गेली. चाल रंगात आली, चढायला लागली आणि साडूभाऊ थांबले. मला वाटलं, पुन्हा लाइट गेली. पण अँपचा लाल दिवा चालू होता. ते तिथूनच दोनदा पुन्हा निघाले आणि दोन्ही वेळा तिथंच थांबले.

"फुडचं आठवंना," ते अक्कांकडे बघून म्हणाले. त्यांचा चेहरा मला पाहवेना. "इथपत्तुरच आठवायलंय. तुला म्हनलो व्हतो की ऱ्हायलेलं वाजवीन. त्येच गेलं बग."

अक्कांनी पिठाचा हात पदराला पुसला आणि दारातच पाय पसरून खाली बसल्या. "आसू द्या की ओ," त्या म्हणाल्या. "मला तरी फुडचं कुठं ठावं हाय? म्या येवडंच ऐकलंया. पुन्यांदा पयल्यापासून वाजवा."

त्यांनी वाजवलं. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला, पण कुणी उठलं नाही. माझी बायको, जी भाकरी करपली की आभाळ कोसळल्यासारखी धावते, तीही नाही.

आता पुढची खोली पुन्हा उघडलीय आणि साडूभाऊ पुन्हा लोकांची बोटं पिळतात. परवा भेटले तेव्हा माझीही पिळली आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी दहाकडं सरकायलाव, वय झालं." रोज संध्याकाळी ते अक्कांसाठी ती अर्धी चाल वाजवतात आणि तिथंच थांबतात. पुढचं हळूहळू आठवेल, असं ते म्हणतात. मी हो म्हणतो, पण मनातून मला वाटतं, आठवू नये. आठवलं तर एक दिवस ती वाजवून संपेल, आणि मग अक्कांनी त्यांना वाढदिवसाच्या जेवणात काय विचारायचं?